जुने रहस्यपट रात्री दाखवा आणि सबंध दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीव्हीवर जुने रहस्यपट आणि भुताखेतांचे सिनेमे लागतात ते बहुतेक दुपारी. जेवणं उरकून घर आडवं झालेलं असतं, समोरच्या पत्र्यावर ऊन रखरखत असतं, खिडकीतला उजेड थेट काचेवर येतो आणि त्या काचेत 'महल'मधली अंधारी हवेली दिसावी अशी अपेक्षा असते. हवेलीपेक्षा आपलंच तोंड जास्त दिसतं. अशा वेळी, अशा उजेडात, मधूनमधून कापून हे सिनेमे दाखवणं म्हणजे ते न दाखवण्यासारखंच आहे. त्याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण या सिनेमांवर माझं प्रेम आहे आणि पडद्याशी माझा रोजचा संबंध आहे.

मी बेळगावच्या शहापूर भागात टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर ट्यूबच्या काळात या धंद्यात आलो, आता एलईडीचे पॅनेल आणि बॅकलाइटच्या पट्ट्या बदलतो. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा असायचा त्या काळात शनिवारी दुकानात उभं राहायला जागा नसायची. उद्याच्या सिनेमाच्या आत टीव्ही चालू करून द्या म्हणून लोक बसून राहायचे. बेळगावात चित्रा, ग्लोब, प्रकाश अशी थिएटरं होती, पण रात्रीच्या खेळाला घरच्या बायका आणि पोरं सहसा जायची नाहीत. त्यांना भुताचा सिनेमा पहिल्यांदा भेटला तो टीव्हीवर, गल्लीतल्या एखाद्याच्या घरात, सतरंजीवर एकमेकांना चिकटून. म्हणून टीव्ही हे या सिनेमांचं दुय्यम घर आहे असं मी मानत नाही. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांसाठी तेच पहिलं घर होतं.

आता 'महल'चंच घ्या. १९४९चा सिनेमा, बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच. कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा. त्यांनी उजेड वापरलाय तो हात राखून, मोजूनमापून. चौकटीचा बराचसा भाग काळाच ठेवलाय आणि त्या काळ्यातून मधुबाला येते. अलीकडे एका वाहिनीवर हा सिनेमा लागला तेव्हा 'आयेगा आनेवाला' हे गाणं सुरू झालं ते थेट ठेक्यापासून. आधीच्या संथ ओळी उडवल्या होत्या. ज्यांना ते गाणं माहीत आहे त्यांना कळेल काय गेलं ते. सुरुवातीच्या त्या ओळींना ताल नाही, आवाज लांबून येतो, जवळ येत जातो, आणि अशोककुमार त्या आवाजामागे रिकाम्या वाड्यात फिरतो. तो आवाज खरोखरच लांबून यावा म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताबाईंना माइकपासून दूर उभं केलं होतं आणि गात गात माइककडे यायला सांगितलं होतं. त्या काळातली साधनं लक्षात घ्या. अंतर दाखवायला दुसरा उपाय नव्हता, माणसाने चालायचं. संगीतकार खेमचंद प्रकाश सिनेमा आल्यावर वर्षाच्या आत गेले. रेकॉर्डवर गायिकेचं नाव म्हणून सिनेमातल्या पात्राचं, कामिनीचं नाव छापलं होतं. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही कोण गाते. एवढं सगळं ज्या मिनिटभरात साठलंय, तेच मिनिट कुणीतरी जाहिरातीसाठी काढून टाकलं.

कापणाऱ्याला बहुधा वाटत असावं की गाणं म्हणजे भरताड. इथेच त्यांची सगळी समजूत चुकते. परदेशी भयपटात दार करकरतं, पावलं वाजतात आणि मग शांतता पसरते. आपल्याकडं भूत गातं. 'मधुमती'त 'आजा रे परदेसी', 'बीस साल बाद'मध्ये 'कहीं दीप जले कहीं दिल', 'वो कौन थी'मध्ये 'नैना बरसे', 'मेरा साया'त 'तू जहाँ जहाँ चलेगा'. कुणीतरी आहे, जवळपास आहे आणि दिसत नाही, हे या गाण्यांनीच सांगितलंय. लताबाईंना पार्श्वगायनाचं पहिलं फिल्मफेअर मिळालं ते 'मधुमती'च्या त्या गाण्याला आणि दुसरं 'बीस साल बाद'च्या. दोन्ही गाणी झाडीतून, अंधारातून हाका मारणारी. आपल्या रहस्यपटाचा कणा गाण्यात असतो, माग काढण्याचा धागा गाण्यात असतो. गाणं कापलं की भूत कापलं, मग उरते ती नुसती इकडून तिकडे चालणारी माणसं.

'वो कौन थी'ची सुरुवात आठवा. १९६४, राज खोसला. धो धो पाऊस, रात्र, डॉक्टर एकटा गाडी चालवतोय, रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या साडीतली बाई. तो तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतात, समोरचं काही दिसेना, आणि ती शांतपणे रस्ता सांगत राहते. गाडी थांबते ती कब्रस्तानाच्या दारात. खानापूरहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे पावसाळ्यात रात्री गेलेल्या माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून द्यावा लागत नाही. के. एच. कपाडिया यांना या सिनेमाच्या छायाचित्रणासाठी फिल्मफेअर मिळालं. आता हाच प्रसंग आमच्याकडच्या केबलवर बघा. पडद्याखाली सोन्याचा भाव आणि साडीच्या सेलची पट्टी सरकतेय, कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह फिरतंय, दुसऱ्या कोपऱ्यात संध्याकाळच्या मालिकेतली सून हात जोडून उभी आहे. आणि जो काळोख होता त्यात करड्या रंगाचे चौकोन थरथरतायत.

त्या चौकोनांबद्दल सांगतो, कारण गिऱ्हाईकं ते दाखवून 'पॅनेल गेलं काय बघा' म्हणून टीव्ही घेऊन येतात. पॅनेल चांगलं असतं. एका केबलमध्ये जास्तीत जास्त वाहिन्या बसवण्यासाठी प्रत्येक वाहिनीचं चित्र दाबून पाठवतात. दाबताना सगळ्यात आधी बळी जातो तो अंधाऱ्या भागाचा, कारण तिथे फारसं काही नाही असं यंत्र धरून चालतं. लग्नाच्या गाण्यात ते कळून येत नाही. भुताच्या सिनेमात जे काही आहे ते सगळं त्या अंधारातच असतं.

दुसरी तऱ्हा आकाराची. १९५०च्या आधीचे आणि नंतरचेही बरेच सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेले आहेत, रुंदी उंचीच्या १.३७ पट. जुना टीव्ही ४:३ होता, म्हणून त्यात ते बरोबर बसायचे. आताचा टीव्ही १६:९, म्हणजे आडवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या तर सिनेमा जसा होता तसा दिसतो. पण 'पट्ट्या का दिसतात' म्हणून लोक तक्रार करतात आणि वाहिन्या चित्र ताणून पडदा भरतात. खासबागेतल्या एका काकूंनी, आयुष्य कापड विणण्याच्या मागावर गेलेल्या बाईंनी, मला घरी बोलावून विचारलं, "काय ओ, ह्या मधुबालेला काय झालंय? गाल बघा की कसे दिसायलेत!" मी रिमोट घेऊन पिक्चर साइझ ४:३ वर आणला. "आत्ता बघा, आली की!" म्हणाल्या आणि पदर सावरून पुढं सरकून बसल्या. वाचकांनीही हे घरी करून बघावं. सेटिंग दोन ठिकाणी असतं, टीव्हीत आणि सेट टॉप बॉक्समध्ये, दोन्ही तपासावं लागतं. टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी एक सोय असते, प्रत्येक कंपनीत तिचं नाव वेगळं, पण 'मोशन' हा शब्द त्यात बहुधा असतो. ती बंद करावी. नाहीतर सत्तर वर्षांपूर्वीचा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो.

ताणलेलं चित्र असं घरी परत आवळता येतं. पण काही वाहिन्या ताणत नाहीत, मोठं करून वरून-खालून छाटतात. उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो. कपाळ जातं, हातातला कंदील जातो, जिन्याची वरची पायरी जाते जिथे कुणीतरी उभं होतं. छाटलेलं परत आणायला माझ्याकडं कुठलंही बटण नाही.

एक बारीक गोष्ट, पण कानाच्या माणसाला खटकणारी. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत २५ची. त्या पद्धतीसाठी उतरवलेली प्रत थोडी पळते, शंभर मिनिटांचा सिनेमा चार मिनिटं आधी संपतो आणि सूर किंचित चढतो. जुन्या प्रती वाहिन्या अजून त्याच वापरतात. रेकॉर्ड ऐकून वाढलेल्यांना टीव्हीवरचं तेच गाणं परकं का वाटतं, याचं एक कारण हे आहे.

जाहिरातींविरुद्ध माझं म्हणणं नाही. वाहिनी त्यावरच चालते. पण केबल टेलिव्हिजनच्या नियमांत तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, असं लिहिलेलं आहे, त्यातही १० मिनिटं धंद्याच्या आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या. घड्याळ लावून कुणीही मोजावं. आणि किती यापेक्षा कुठे, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. यश चोप्रांचा 'इत्तेफ़ाक' (१९६९) एका रात्रीची गोष्ट आहे. एक घर, एक बाई, एक पळून आलेला माणूस, एकही गाणं नाही. राजेश खन्ना आणि नंदा. रात्र पुढे सरकतेय आणि पहाट होईस्तोवर काहीतरी उलगडणार, हा ताण त्या सिनेमाचा जीव. त्यात बाई जिन्याकडे वळली की तिथेच डिटर्जंट पावडर. परत आल्यावर ती जिना चढून गेलेली असते. हिचकॉकने १९६०मध्ये 'सायको' दाखवताना खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा थिएटरवाल्यांना दंडक घातला होता आणि शेवट कुणाला सांगू नका अशी प्रेक्षकांना विनंती केली होती. भीती थोडी थोडी साठवत न्यावी लागते, मध्येच भांडं उपडं करून चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आमच्या वाहिन्या तर दिवसभर जी झलक दाखवतात त्यातच शेवटचा प्रसंग घालतात. खुनी कोण ते दुपारी बारालाच समजतं.

लहान मुलांसाठी कापाकापी करावी लागते असं उत्तर यावर मिळेल. प्रौढांसाठीचं 'ए' प्रमाणपत्र असलेला सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, तो कापून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, हा कायदा मला मान्य आहे. रामसे बंधूंच्या सिनेमांना ते लागू होतं आणि व्हावं. (रामसेंना नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. १९९३ला त्यांचा 'झी हॉरर शो' सुरू झाला तेव्हा आमच्या गल्लीत त्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसायचं.) पण 'महल', 'मधुमती', 'कोहरा' यांत मुलांपासून लपवावं असं काय आहे? 'कोहरा'त ललिता पवार नुसत्या दारात उभ्या राहून बघतात, आणि मोठ्या माणसाच्या अंगावर काटा येतो. तिथे रक्ताचा थेंबसुद्धा नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलानं आजीच्या कुशीत बसून हे बघावं, घाबरावं, रात्री बाथरूमला जाताना दिवा लावावा. त्यात वाईट काही नाही.

आता आपल्या मराठीकडे. 'मेरा साया' (१९६६) वर्षातून अनेकदा लागतो. तो ज्यावरून घेतला तो राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) कितीजणांनी टीव्हीवर बघितलाय? काशिनाथ घाणेकर आणि भावना. 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गदिमांचं गाणं, दत्ता डावजेकरांची चाल, आशाबाईंचा आवाज. गाणं सगळ्यांना पाठ, सिनेमा माहीत नाही. मराठीने आधी केलं आणि हिंदीने उचललं, त्यातलं हे एक उदाहरण. तरी मराठी वाहिन्यांवर शनिवार-रविवार तेच ते चार विनोदी सिनेमे फिरतात. ते मलाही आवडतात, पण रत्नाकर मतकरी, नारायण धारप यांची गूढकथांची पुस्तकं वाचनालयातून नंबर लावून नेणारा वाचक आमच्या भागात घरोघरी आहे. मतकरींच्या कथांवरची 'गहिरे पाणी' मालिका लागायची तेव्हा लोकांनी ती भक्तीने बघितली. गूढ बघणारा प्रेक्षक नाही, असं कुणी सांगू नये.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे ती मुंबई-पुण्यात बसलेल्यांना कळत नाही. आमचा पत्ता कर्नाटकातला, त्यामुळे मूळ पॅक कन्नडचा येतो. मराठी वाहिन्या वेगळ्या मागून, वेगळे पैसे भरून घ्याव्या लागतात, आणि बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना ते मागायचं कसं हेच माहीत नसतं. मी घरोघरी जातो तेव्हा हे काम न सांगता करून देतो. कन्नड वाहिन्यांबद्दल मात्र माझ्या मनात आदरच आहे. 'ना निन्न बिडलारे' (१९७९) हा अनंत नाग आणि लक्ष्मी यांचा भुताचा सिनेमा मी शेजारच्या कन्नड कुटुंबाबरोबर बघितलाय, त्यांनी अधूनमधून अर्थ सांगितला, पण भीतीला अर्थ सांगावा लागला नाही. असले सिनेमे दोन्ही भाषांच्या माणसांना एका खोलीत बसवतात.

चांगल्या प्रती नाहीत ही सबबही आता पुरत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, जुन्या सिनेमांच्या प्रती साफ करून, नव्याने स्कॅन करून जपण्याचं सरकारी काम तिथे चालू आहे. २००३ला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेटणाऱ्या, जुन्या रिळांचा मोठा साठा जळाला. जे वाचलंय त्याची किंमत त्यानंतर तरी कळायला हवी. हक्कांचा प्रश्नही सुटत चाललाय. कायद्याने सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. 'महल' २००९ अखेर मोकळा झाला, 'मधुमती' २०१८ अखेर, आणि 'वो कौन थी', 'कोहरा', 'पाठलाग' २०२४ संपताना. गीतांचे शब्द आणि चाली यांचे हक्क वेगळे आहेत, ते ज्याचे त्याला मिळावेत. पण सिनेमा मोकळा झाला की कुठलीही खराब प्रत उचलून लावायची, ही जी रीत पडतेय ती थांबली पाहिजे. डीडी सह्याद्री सरकारी वाहिनी आहे, पुण्याचं संग्रहालय सरकारी आहे, त्यांनी एकमेकांशी बोलावं.

अमेरिकेत १९५७मध्ये युनिव्हर्सल कंपनीचे ५२ जुने सिनेमे एकगठ्ठा टीव्ही केंद्रांना देण्यात आले. त्यात १९३१चे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' होते. केंद्रांनी ते रात्री उशिरा लावले आणि बऱ्याच ठिकाणी आधी एक निवेदक यायचा, वेष करून, सिनेमाबद्दल चार गोष्टी सांगायचा. पंचवीस-सव्वीस वर्षांपर्यंतचे जुने सिनेमे त्यामुळे नव्या मुलांना ताजे झाले. आपल्याकडे तर कथाकथन ऐकायला मैदानं भरत होती. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर समोर बसून ऐकलेली माणसं अजून आहेत. सिनेमाच्या आधी पाच मिनिटं कुणीतरी जाणत्या माणसाने यावं, हा कुणी केला, कधी केला, कॅमेरा कुणाचा, कशाकडे लक्ष ठेवा एवढं सांगावं, शेवट सोडून.

आपल्या दैनिकाला विनंती अशी की शुक्रवारच्या अंकात एक छोटी चौकट द्यावी: येत्या आठवड्यात टीव्हीवर कोणते जुने रहस्यपट आहेत, साल, दिग्दर्शक, वेळ. आणि ज्या वाहिनीने सिनेमा सबंध दाखवला तिचं नाव कौतुकाने छापावं; छापून आलेल्या ओळीचं वजन वाहिन्यांना कळतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या ज्या केबल व्यावसायिकांचं स्वतःचं चॅनेल आहे त्यांनाही सांगणं आहे. शनिवारी रात्री दहानंतर, महिन्यातून एकदा का होईना, रीतसर परवानगी घेऊन एक जुना सिनेमा लावावा. खालची पट्टी बंद, चित्र मूळ आकारात, जाहिराती सुरुवातीला आणि मध्यंतराला. जाहिरात देणारे दुकानदार माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना समजावण्याची जबाबदारी माझी. चित्राची मापं, उजेड आणि आवाजाची पातळी लावून द्यायला मी स्वतः येईन, त्याची मजुरी नको. पहिल्या शनिवारी 'पाठलाग' लावावा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर,
शहापूर, बेळगाव